बर्फातली कोंबडी दौंडात कशाला?

घरच्या अंड्यांसाठी दहा-बारा कोंबड्या पाळायचं मनात असेल, तर जात निवडताना मोबाइल जरा बाजूला ठेवा आणि अंगणातलं ऊन बघा.

इन्स्टावर कोंबड्यांची एक रील हमखास समोर येते. बाहेर गुडघाभर बर्फ, लाल रंगाचं लाकडी खुराडं आणि त्यातून डुलत डुलत बाहेर येणारी गुबगुबीत कोंबडी. पायाच्या बोटांपर्यंत पिसं. एक चिमुरडी तिला कडेवर घेते आणि कोंबडी चक्क डोळे मिटून पडून राहते. बघणाऱ्याचा जीव विरघळतो. मग ती रील न्हावऱ्याच्या वस्तीवरून मांडवगणच्या मित्राला जाते, तिथून दौंडच्या मावसबहिणीला, आणि खाली एकच प्रश्न असतो, "आपल्याकडं मिळंल का गं ही?"

मिळते. पुण्या-मुंबईकडे हौशी पक्षी विकणारे आहेत. त्यांच्याकडे ब्रह्मा, कोचीन, सिल्की अशा जोड्या मिळतात आणि किंमत ऐकून घरातली मोठी माणसं बराच वेळ काही बोलत नाहीत. तेव्हा मिळण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो एप्रिलमधल्या दुपारी दोन वाजताचा.

या परदेशी बायांची कुळकथा मजेशीर आहे. ब्रह्मा हे नाव आपल्या ब्रह्मपुत्रेवरून पडलं, पण जात म्हणून ती घडली अमेरिकेत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, पूर्वेकडून जहाजानं नेलेल्या पक्ष्यांपासून. वायनडॉट न्यूयॉर्क राज्यातली. ऑर्पिंग्टन इंग्लंडमधल्या केंटची, १८८६ ची. कॅनडात क्वेबेकमधल्या ओका इथल्या एका मठवासी ब्रदरनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शांतक्लेर नावाची जात मुद्दाम तिथल्या हिवाळ्यासाठी तयार केली. तिचा तुरा इतका लहान की जवळजवळ नाहीच. तुऱ्याचं एवढं काय? तर कोंबडीला घाम येत नाही. तुऱ्यातून आणि गळ्याखालच्या लाल लोंबत्या कातडीतून फिरणारं रक्त हवा लागून थंड होतं. गाडीला रेडिएटर असतो तसा हा तिचा रेडिएटर. बर्फात तो मोठा असेल तर टोकं गोठून काळी पडतात. म्हणून तिकडे तुरा छोटा, पिसं दाट, अंग भारी.

आपल्याला नेमकं उलटं हवं. मोठा एकेरी तुरा, हलकं अंग, पिसारा बेताचा. गावरान कोंबड्यांच्या कळपात कधी कधी मानेवर पिसंच नसलेली एखादी असते, पोरं तिला हसतात. उन्हाळ्याच्या हिशेबानं तीच सगळ्यांत शहाणी. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी अशाच उघड्या मानेच्या पक्ष्यापासून 'हितकारी' नावाचा संकर तयार केला, तो काही उगाच नाही.

थंडी कुणाला वाजते?

आता कुणी म्हणेल, आमच्याकडे थंडी पडत नाही का? पडते की. डिसेंबर-जानेवारीत घोड आणि भीमेच्या काठाला पहाटे धुकं उतरतं, गव्हाला रात्रीचं पाणी धरायला गेलेल्या माणसाचे पाय बधिर होतात, पारा एक आकडी होतो. पुण्याच्या वेधशाळेत १७ जानेवारी १९३५ ला १.७ अंश सेल्सिअस नोंदलं गेलंय. म्हणजे थंडी ही काही आपल्याकडे अफवा नाही.

पण पूर्ण वाढलेल्या कोंबडीला ही थंडी मानवते. तिच्या अंगाचं तापमानच साधारण ४१ अंश. आठ अंशांच्या रात्री ती पिसं फुगवते, दांडीवर बसून पाय पोटाखाली घेते, चोच पंखात खुपसते आणि निवांत झोपते. गावरान असो, ऱ्होड आयलंड रेड असो की गिरिराज, शिरूरची थंडी कुणालाच जड जात नाही. त्यामुळे 'थंडीत टिकणारी जात' शोधत बसणं म्हणजे पंढरपुरात बर्फाचे बूट शोधण्यासारखं आहे.

थंडीत मरतात ती पिल्लं. एक दिवसाच्या पिल्लाला पिसं नसतात, नुसती लव असते. पहिल्या आठवड्यात त्याला ३५ अंशांची ऊब लागते, नंतर दर आठवड्याला तीनएक अंश कमी केली तरी चालते. तीन-चार आठवड्यांत पिसं भरली की मग ते आपलं आपण निभावतं. पंचवीस पिल्लांना पुठ्ठ्याचं गोल कडं, खाली दोन-तीन इंच भाताचं तूस आणि वर टांगलेला साधा पिवळा बल्ब एवढं पुरतं. एलईडी नको, त्याला ऊब नसते. थर्मामीटरची गरज नाही, पिल्लं स्वतःच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील तर गारठलीत, बल्ब खाली घ्या. कडेला पळून चोची उघड्या टाकून बसली असतील तर तापलीत, बल्ब वर घ्या. सगळीकडे पांगून खातपीत असतील तर तुम्हीही जाऊन जेवा.

खरी अडचण बल्बची नसून विजेची. वस्तीवर रात्री अकराला गेलेली लाइट पहाटे चारला येते आणि तेवढ्यात अर्धी पिल्लं एकमेकांखाली चेंगरून गेलेली असतात. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवणं, कड्यावर पोतं टाकणं हे उपाय आहेत. निखाऱ्यांची घमेली ठेवणारेही आहेत, पण बंद खोलीत त्याचा धूर आणि वायू पिल्लांच्या आणि माणसांच्याही जिवावर बेततो. सगळ्यांत भरवशाचा हीटर मात्र आजीच्या काळापासून घरात आहे. त्याचं नाव खुडूक कोंबडी. दहा-बारा अंडी तिच्याखाली ठेवली की एकविसाव्या दिवशी पिल्लं, आणि पुढचे दोन महिने ऊब, राखण, शिकवणी सगळं तीच बघते. लाइट गेली तरी तिला कळत नाही.

उन्हाळ्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. पारा ३५ च्या पुढे गेला की कोंबडी पंख अंगापासून सुटे धरून धापा टाकायला लागते. चाळिशी गाठली की जड अंगाच्या कोंबड्या दुपारी बसल्या जागी माना टाकतात. दौंड, कुरकुंभ, पाटस या पट्ट्यात असे दिवस दरवर्षी येतात. अशा वेळी खाद्य पहाटे आणि दिवस मावळताना द्यायचं, दुपारी नाही, कारण खाल्लेलं पचवतानाही अंग तापतं. पाणी मातीच्या भांड्यात, सावलीत, दिवसातून तीनदा बदललेलं. खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली तर सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आत घुसत नाही. पत्र्यावर उसाचं पाचट टाकून वर पाणी मारलं की आतला फरक हाताला जाणवतो. आणि एखादं लिंबाचं नाहीतर शेवग्याचं झाड असेल तर निम्मं काम झालं. तापलेल्या पत्र्याखाली ब्रह्मा ठेवणं हा मला तरी क्रूरपणा वाटतो, मग तिच्यासाठी कूलर लावा नाहीतर गाणी लावा.

मग घ्यायची कुठली?

याचं एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, तो बहुधा पिल्लं विकत असतो. आधी स्वतःला विचारायचं की घरात अंडी हवीत, मटणाला पर्याय हवा, की पुढे पिल्लं वाढवून कळप चालवायचाय?

गावरान कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते. आकडा ऐकून नाक मुरडू नका. ती निवडणावर, उकिरड्यावर, शेतातल्या किड्यांवर जगते. घार दिसली की बांधाखाली घुसते. खुडूक बसते, पिल्लं काढते. फक्त ती कडेवर यायची नाही. मांजरासारखी लाडकी कोंबडी हवी असेल तर गावरान तुमचा अपेक्षाभंग करील.

हैदराबादला राजेंद्रनगरमध्ये केंद्र सरकारचं कुक्कुट संशोधन संचालनालय आहे. परसातल्या कोंबड्यांसाठी त्यांनी वनराजा आणि ग्रामप्रिया हे दोन पक्षी तयार केले. वनराजा दोन्ही कामांचा, नर चांगलं वजन घेतो आणि मादी दीड वर्षाची होईपर्यंत शंभर-एकशेदहा अंडी देते. ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांची. तेवढ्याच काळात दोनशेच्या पुढे जाते, अंडं तपकिरी आणि आकारानं चांगलं. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचा गिरिराज आपल्याकडे जुना आणि ओळखीचा. रंगीबेरंगी, धिप्पाड, वर्षाला सव्वाशे-दीडशे अंडी. गिरिराज आणि वनराजा स्वभावानं गरीब असतात, माणसाच्या मागे मागे फिरतात. पण भरपूर भरडा घातला की त्यांचं अंग सुटतं, आणि अंग सुटलेला पक्षी कुत्र्यापुढे पळू शकत नाही.

इथं एक गोष्ट विकणारा सहसा सांगत नाही. वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराज हे सगळे संकर आहेत. त्यांचीच अंडी उबवून काढलेली पिल्लं आईबापांसारखी निघत नाहीत. कुणी अंड्याला कमी, कुणी वजनाला कमी, रंगाचा तर पत्ताच नाही. म्हणजे दर वेळी पिल्लं विकत आणणं आलं. शिवाय या पक्ष्यांचा खुडूक बसण्याचा गुण निवड करता करता बराचसा गेलाय. कळप स्वतः वाढवायचा असेल तर शुद्ध जात घ्यावी लागते.

अशा शुद्ध जातींत नवख्या माणसाला सोप्या दोन. एक ऱ्होड आयलंड रेड, आपल्याकडची आरआयआर. गडद विटकरी रंग, मोठा तुरा, शांत, भूक चांगली. दुसरी ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प. ऑर्पिंग्टनचंच रक्त ऑस्ट्रेलियात गेलं, तिथं अंड्यांसाठी निवड झाली आणि १९२२-२३ मध्ये सहा कोंबड्यांनी एका वर्षात १,८५७ अंडी घालून जगाला चकित केलं. आपल्या परसात तेवढ्याची आशा ठेवू नका. पण नीट खाऊ घातलं तर दोन्ही जाती गावरानपेक्षा दुपटीनं तरी देतातच. ऑस्ट्रेलॉर्प काळीभोर, उन्हात पिसांवर हिरवी झाक मारते, दिसायला राजस. काळ्या रंगाला सावली जास्त लागते एवढं लक्षात ठेवा.

असील घेऊ नका. सुंदर आहे, आपल्या देशाची आहे, माणसाशी तर फार प्रेमानं वागते. पण झुंजीसाठी घडलेली जात आहे. दोन नर एकत्र ठेवले तर सकाळी एकच उरतो, माद्याही एकमेकींचं डोकं फोडतात. दहा पक्ष्यांच्या घरगुती कळपात हे भांडण कशाला?

माझं विचाराल तर पहिल्या वर्षी सहा-सात आरआयआर किंवा ग्रामप्रिया आणि दोन गावरान. अंडी पहिल्या देतील, पिल्लं दुसऱ्या काढतील. कोंबडा हवाच असं नाही. कोंबडा नसला तर कोंबडी अंडी देत नाही हा समज शिकलेल्या घरांतही भेटतो. अंडी ती देतेच, फक्त त्यातून पिल्लू होत नाही. शेजाऱ्यांची पहाटेची झोप आणि तुमचे त्यांच्याशी संबंध यांचा विचार करून ठरवा. पिल्लं हवी असतील तर आठ-दहा माद्यांमागे एक नर पुष्कळ झाला.

कडकनाथची गोष्ट

तुम्ही वाटच बघत असणार. कडकनाथ मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआ-धार भागातली, भिल्ल-भिलाला समाजानं जपलेली. पिसं, कातडी, मांस, हाडांवरचं आवरण सगळं काळं. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नंतर धोनीनं रांचीच्या शेतासाठी तिकडे दोन हजार पिल्लांची ऑर्डर दिल्याची बातमी आली आणि मग काय, गावोगाव कडकनाथचे बोर्ड लागले.

पक्षी खरंच काटक आहे. ऊन सोसतो, आजाराला सहजी बळी पडत नाही. पण अंडी वर्षाला शंभरच्या आतबाहेर, खुडूक बसण्यात कच्चा, आणि बुजरा इतका की संध्याकाळी झाडावरून खाली उतरवायला शिडी लागते. आणि हो, अंडं काळं नसतं. फिकट तपकिरी, साईच्या रंगाचं असतं. मोबाइलवर फिरणारी काळी कुळकुळीत अंडी कुणीतरी रंगवलेली आहेत.

या पक्ष्याच्या नावावर महाराष्ट्रात काय झालं तेही लक्षात असू द्या. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या एका कंपनीनं योजना काढली. पक्षी आमच्याकडून घ्या, सांभाळा, अंडी आम्हीच चढ्या भावानं परत घेऊ. हजारो जणांनी पैसे गुंतवले, त्यात नोकरीच्या शोधातली तरुण पोरं कितीतरी. २०१९ मध्ये कंपनीनं हात वर केले. गुन्हे दाखल झाले, आणि त्याच वर्षी सांगली जिल्ह्यात मुख्यमंत्र्यांच्या यात्रेच्या ताफ्यावर कडकनाथ कोंबड्या आणि अंडी फेकली गेली. दोष पक्ष्याचा नव्हता. पण 'विकत आम्हीच घेऊ' हे वाक्य पिल्लं विकणाऱ्याच्या तोंडून आलं की खिशावर हात ठेवायचा, मग जात कडकनाथ असो नाहीतर शहामृग.

आपल्याच राज्यातली, पण कुणी फारसं नाव न घेणारी एक जात आहे. बसरा. नंदुरबार-धुळे आणि पलीकडे गुजरातेतल्या डांग-सुरत भागातली छोटीशी आदिवासी भागातली कोंबडी. ती इकडे आणून पाळा असं म्हणत नाही, पण महाराष्ट्राची म्हणून मान्यता असलेली कोंबडीची जात आहे हे निदान आपल्याला माहीत तरी असावं.

लळा लावणं

प्रेमळपणा निम्मा जातीत असतो आणि निम्मा पहिल्या महिन्यात. पिल्लं रोज दहा मिनिटं हातावर घेतली, तळहातावर भरडा दिला, वरून झडप न घालता खाली बसून बाजूनं हात नेला, की आरआयआरचं पिल्लू महिनाभरात मांडीवर चढतं. वरून येणारा हात म्हणजे त्याच्या लेखी घार. घरात लहान भावंडं असतील तर त्यांना हे आधी शिकवा. पिल्लाचा मुका घेऊ देऊ नका आणि हात लावल्यावर साबणानं धुवायला लावा, कारण दिसायला निरोगी कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो आणि तो लहान मुलांना फार त्रास देतो.

आणि घरात कुणी माळकरी असतील तर पिल्लं आणण्याआधी विचारा. आळंदी-देहूच्या वाटेवरचा आपला मुलूख. नंतर घरात अबोला धरण्यापेक्षा आधी एकदा बोललेलं बरं. त्याच वेळी आणखी एक गोष्ट ठरवून टाका, ती म्हणजे अंड्यांचे पैसे कुणाचे. खेड्यात कोंबडीचे पैसे पिढ्यान् पिढ्या आईच्या, आजीच्या हातात राहिले. मीठ-मिरचीला, मुलीच्या वहीला, एसटीच्या भाड्याला नवऱ्यापुढं हात पसरावा लागू नये म्हणून. तुम्ही 'स्टार्टअप' म्हणून हौसेनं सुरुवात कराल आणि कॉलेजच्या परीक्षेत खुराडं झाडायचं काम तिच्याच अंगावर पडेल. तेव्हा हिशेबाची वही कुणाकडे, हे न लाजता बोला.

रात्रीचं दार

दहा पक्ष्यांना रात्रीपुरती वीस चौरस फूट जागा पुरते. म्हणजे पाच बाय चारचं खुराडं, जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, आत बसायला गोल दांडी. थंडीत पश्चिम-उत्तरेला पोत्याचा पडदा लावा, पण वरची वीतभर जागा उघडी ठेवा. सगळं गच्च बंद केलं की विष्ठेचा उग्र वायू आत कोंडतो, पक्षी शिंकायला लागतात आणि घरचे म्हणतात, थंडी बाधली.

शिरूरच्या उत्तर भागात राहत असाल तर पुढचं जरा नीट वाचा. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चारही तालुके जुन्नर वन विभागात येतात. इथला बिबट्या आता डोंगरात कमी आणि उसात जास्त राहतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत परिसरात त्याच्या हल्ल्यात माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. दौंडकडे भीमेकाठच्या उसातही तो दिसतो. कोंबडी त्याचं मुख्य खाणं नाही. पण कोंबड्यांमागे कुत्री येतात, कुत्र्यांमागे तो येतो. म्हणून खुराडं उसाच्या कडेला नको, घराच्या भिंतीला लागून, उजेडात हवं. साधी पातळ कोंबडीजाळी मुंगसालाही अडवत नाही, जाड तारेची वेल्डमेश लावा आणि बुडाला फरशी किंवा कोबा. दिवस मावळायच्या आत कोंबड्या आत आणि दाराला कडी. 'जा रे, कोंबड्या कोंडून ये' असं म्हणून अंधारात लहान पोराला पाठवू नका. कोंबडी परत आणता येते. मेलेला पक्षी ओढ्यात किंवा उसात फेकून देण्याची घाण सवय आपल्याकडे आहे, त्याच वासावर कुत्री आणि बिबटे वस्तीला सरावतात. दोन-तीन फूट खड्डा घ्या, चुना टाका, पुरून टाका.

मानमोडी

गावात एखाद्या वर्षी सगळ्या कोंबड्या आठवड्यात साफ होतात. मान पिळवटते, हिरवी हगवण लागते, पक्षी गरगर फिरतो. लोक त्याला मानमोडी म्हणतात, डॉक्टर राणीखेत. उत्तराखंडातल्या राणीखेतवरून हे नाव पडलं, १९२० च्या दशकात तिथं तो ओळखला गेला. त्याला औषध नाही, लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात लासोटाचा थेंब, दुसऱ्या आठवड्यात गंबोरोची लस, महिन्याच्या सुमारास लासोटा पुन्हा, सहा ते आठ आठवड्यांत देवीची आणि आठव्या आठवड्यानंतर राणीखेतची आर-टू-बी हे इंजेक्शन. लशी तयार करणारी राज्य सरकारची संस्था पुण्यातच आहे, औंधला. तरी परसातल्या कोंबड्यांना लस मिळत नाही, कारण एक कुपी निदान शंभर पक्ष्यांची असते आणि दहा कोंबड्यांसाठी ती फोडायला कुणाचं मन होत नाही. यावर उपाय सोपा आहे. वस्तीवरची आठ-दहा घरं एक दिवस ठरवा, पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी बोला, थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणा आणि मिसळल्यावर दोन तासांच्या आत सगळ्यांचं उरका. कॉलेजातल्या पोरापोरींनी गावासाठी करावं असं हे काम आहे, आणि त्याला ना अनुदान लागतं ना अध्यक्ष.

बर्ड फ्लू वेगळा. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला प्रादुर्भाव आपल्याच राज्यात, नवापूरला सापडला. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या. अचानक बरेच पक्षी मेले तर हात लावू नका, कापून बघू नका, गपचूप विकू तर मुळीच नका. दवाखान्यात कळवा.

पिल्लं कधी, कुठून?

बाजारात गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली पिल्लं मिळतात, ती घेऊ नका. अंड्यांच्या हॅचरीत जन्मलेले आणि तिथं नको असलेले ते बहुतेक सगळे नर असतात. अंडं त्यांच्याकडून कधीच मिळणार नाही, आणि लहान पोरांच्या डोळ्यांदेखत ती चार दिवसांत जातात. पुण्यात खडकीला पशुसंवर्धन विभागाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तिथं आधी नोंदणी करून एक दिवसाची पिल्लं मिळतात, त्या वेळी कोणती जात आहे ते विचारून जा. बारामती आणि नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रांतही चौकशी करता येते. पशुसंवर्धन विभागाची पंचवीस तलंगा आणि तीन नर असा गट अर्ध्या अनुदानावर देणारी योजना आहे, पंचायत समितीत अर्ज कधी सुटतात यावर लक्ष ठेवा. तलंगा म्हणजे दोन-अडीच महिन्यांच्या, अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या. पहिल्यांदा पाळणाऱ्यानं पिल्लांऐवजी तलंगा घेणं केव्हाही चांगलं. महाग पडतात, पण बल्ब, लाइट आणि थंडी हे सगळे प्रश्न दुसऱ्यानं सोडवलेले असतात. सरसकट पिल्लं घेतलीत तर निम्मे नर निघणार हे धरून चाला. दहा कोंबड्या हव्यात म्हणजे पंचवीस पिल्लं.

वेळ जुलैची. ऊन गेलेलं असतं, थंडी लांब असते, आणि आपल्या पट्ट्यात पाऊस बेताचाच. फक्त तूस ओलं राहू देऊ नका, रक्ती हगवण ओलीतूनच येते. दर दोन-तीन दिवसांनी ते खालीवर करा, चिकटलं तर काढून नवं टाका. मोठ्या कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाणं लागतं. मोकळी फिरत असेल तर निम्मं ती स्वतः शोधते, उरलेलं बाजरी-मक्याचा भरडा, पेंड, भाजीचा पाला यांतून भागतं. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड मात्र कितीही फुकट मिळाली तरी नको, त्यातलं विष यकृतावर जातं. अंड्यावर आल्यावर शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, तिला हवा तेवढा ती खाते.

जुलैची पिल्लं पाच-सहा महिन्यांत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत अंड्यावर येतात, अंड्याला भाव असतो तेव्हाच. दिवस लहान असल्यानं ती थोडी कमी देतील. संध्याकाळी तीनएक तास बल्ब ठेवला तर फरक पडतो. सुरुवातीची अंडी लिंबाएवढी निघतील, एखाद्यात बलकच नसेल, एखाद्याचं कवच मऊ पिशवीसारखं असेल. घाबरून औषधं आणू नका, दोन-तीन आठवड्यांत आकार धरतो.